परक्या ड्रॉइंगवरचा आपला वेताळ

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कॉमिक्सवर लेख पाहून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. समितीने ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ असं सांगितलं, तेव्हा किल्ले, पेशवे, नागपूरकर भोसले असे विषय डोळ्यांसमोर आले. पण त्यांवर अधिकाराने लिहिणारे जाणकार आपल्यात आहेत. मला वाटलं, आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आपल्या पिढीने लहानपणी काय वाचलं, ते कुठून आलं आणि का टिकलं किंवा का संपलं, हाही इतिहासच आहे. तो लिहून ठेवला नाही तर रद्दीबरोबर जाईल.

मी रेल्वेत इंजिनिअर आहे. डिप्लोमा करून नोकरीला लागलो. साहित्याचा अभ्यास केलेला नाही. त्यामुळे आमच्या धंद्याच्या नजरेनेच मी या विषयाकडे पाहणार आहे. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो : ड्रॉइंग कोणाचं? आणि दुसरा : काम कोणी केलं?

बाहेरचं ड्रॉइंग, इथले हात

भिलाईत राहणाऱ्याला परक्या ड्रॉइंगवरून आपलं काहीतरी उभं करणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. ड्रॉइंग रशियन होतं; घाम छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी असा सगळ्यांचा होता. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला. कारखाना चालूच आहे.

रेल्वेतही तेच. ज्या डिझेल इंजिनाने कित्येक वर्षं आपल्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या ओढल्या, ते डब्ल्यूडीएम-२ इंजिन मूळचं अमेरिकेतल्या आल्को कंपनीचं. वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडलं. पुढे १९६९ मध्ये आल्कोने इंजिनं बनवणं बंद केलं. वाराणसीत मात्र त्याच जातीची इंजिनं नव्वदीच्या दशकातही तयार होत राहिली. मूळ मालक गेला, पण इथल्या लोकांनी काम अंगात मुरवलं होतं म्हणून माल टिकला.

कॉमिक्सच्या धंद्यातही असंच लायसन्स असतं. एखादं पात्र कोणाच्या तरी मालकीचं असतं, मग तो मालक वर्तमानपत्रांना चित्रकथा पुरवणारी संस्था असो, खेळण्यांची कंपनी असो, सिनेमावाले असोत की टीव्हीवाले. दुसरा प्रकाशक त्यांच्याकडून परवाना घेतो आणि त्या पात्राची पुस्तकं काढतो. म्हणजे पात्र उसनं असतं. प्रश्न इतकाच उरतो, की पुस्तक काढणाऱ्याने त्यात स्वतःचं काय घातलं? माझ्या मते सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

मार्च १९६४

वाराणसीचं पहिलं डिझेल इंजिन निघालं त्याच वर्षी, मार्च १९६४ मध्ये, मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. ड्रॉइंग अमेरिकन होतं. ली फॉक नावाच्या लेखकाने १९३४ मध्ये ‘मॅन्ड्रेक’ आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून ‘फँटम’ या चित्रमालिका सुरू केल्या. अमेरिकेतली किंग फीचर्स ही संस्था त्या जगभरच्या वर्तमानपत्रांना पुरवीत असे. आपल्याकडे इंग्रजी वाचणाऱ्यांना १९४०च्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून फँटमची ओळख झाली होती. इंद्रजालने त्याला स्वतंत्र पुस्तकात आणलं आणि हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा आपल्या भाषांतही आणलं. पहिले बत्तीस अंक एकट्या फँटमचेच होते. नंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटी छापून येतात. वाचकाला कालचं आठवावं म्हणून त्यात कालचीच गोष्ट थोडी पुन्हा सांगितलेली असते. अशा कित्येक दिवसांच्या पट्ट्या एका छोट्या पुस्तकात बसवायच्या म्हणजे कुठे चौकट कापायची, कुठे दोन चौकटींतला मजकूर एकत्र करायचा, फुग्यातली इंग्रजी काढून तेवढ्याच जागेत मराठी बसवायची. इंग्रजीत चार अक्षरांत मावणारा शब्द मराठीत कधी आठ अक्षरं खातो. ज्यांनी जुन्या पुलावर नवा गर्डर बसवला आहे, त्यांना हे काम काय असतं ते कळेल. मापं आधीची असतात, सामान नवं असतं.

नावंही बदलली. फँटमच्या मूळ देशाचं नाव वाचून आपल्याकडे कोणालाही बंगालच आठवलं असतं. इंद्रजालमध्ये त्या देशाचं ‘डेंकाली’ झालं. हिंदीत त्याच्या ‘हिरो’ नावाच्या घोड्याचा ‘तूफान’ झाला आणि ‘डेव्हिल’ नावाच्या लांडग्याचा ‘शेरा’.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी ‘बहादूर’ हा आपल्या मातीतला नायक निर्माण केला. केशरी कुडता आणि खाली जीन्स! बाप डाकू, मुलगा वाढला पोलिसाच्या घरी, आणि मोठा होऊन गावकऱ्यांचं सुरक्षा दल उभं करतो. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. आमच्या भाषेत सांगायचं तर परवान्यावर माल बनवता बनवता कारखान्याने स्वतःचं डिझाइन काढलं.

इंद्रजाल आधी महिन्याला निघे, मग पंधरा दिवसांनी, मग दर आठवड्याला. १२३ आणि १२४ क्रमांकाचे अंक संपामुळे निघालेच नाहीत. १९९० मध्ये मालिका बंद पडली तोवर ८०३ अंक निघाले होते.

एका ‘ळ’ची गोष्ट

फँटमचं हिंदीत ‘वेताल’ झालं आणि मराठीत ‘वेताळ’. एका अक्षराचा फरक. पण त्या अक्षरात किती काय आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मी वाचायला लागलो तेव्हा इंद्रजालची अखेरची काही वर्षं उरली होती. इथल्या स्टॉलवर मिळायचा तो हिंदी अंक. मराठी अंक नागपूरला मामांच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत होते, जुने, पिवळे पडलेले, काहींची कव्हरं गेलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मामेभावंडं ती पेटी उघडून बसायचो. मी शाळेत हिंदी माध्यमाचा. मराठी घरी बोलायचो, पण वाचायची वेळ फारशी येत नसे. गोष्ट हिंदीत वाचून झालेली असली की मराठी अंक भराभर वाचता यायचा. मी मोठ्याने ‘वेताल’ वाचलं की आजी आतून ओरडायची, “अरे, वेताल नव्हे, वेताळ! जीभ वळव जरा.” माझी मराठी वाचण्याची खरी शाळा ती पत्र्याची पेटी होती, असं म्हटलं तरी चालेल.

आता त्या नावाकडे पाहू. हिंदीत वेताल किंवा बेताल म्हटलं की राजा विक्रमाच्या पाठीवरचं, गोष्टी सांगणारं प्रेत आठवतं. मराठीतही ‘चांदोबा’ वाचणाऱ्यांना तो विक्रम-वेताळ माहीत आहेच. पण मराठी माणसाचा वेताळ तेवढाच नाही. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यातलं आरवली हे लेखक जयवंत दळवी यांचं गाव. तिथल्या वेतोबाला भक्त मोठमोठ्या चामडी चपला वाहतात. श्रद्धा अशी, की देव रात्री गावाच्या हद्दीत फिरून राखण करतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात.

आता गंमत पाहा. ली फॉकच्या फँटमला इंग्रजीत जे बिरुद आहे त्याचा अर्थ ‘चालणारं भूत’ असाच होतो. त्याच्या जंगलातल्या लोकांची समजूत अशी, की तो कधी मरत नाही, चारशे वर्षांपासून फिरतो आहे, वाईट माणसांना शिक्षा करतो आणि चांगल्यांची पाठराखण करतो. खरं म्हणजे बापामागून मुलगा तोच पोशाख घालतो, ही आतली गोष्ट. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात जन्मलेल्या या माणसाला मराठीत ‘वेताळ’ म्हटलं, आणि आरवलीच्या झिजलेल्या चपला, गावची सीमा, रात्रीची गस्त, आजीच्या भुताच्या गोष्टी हे सगळं न सांगता त्याच्या मागे येऊन उभं राहिलं. ‘फँटम’ हे नाव आपल्यासाठी नुसता एक आवाज होता. ‘वेताळ’ म्हणजे ओळखीचा राखणदार!

या गोष्टींत दोषही होते, ते झाकायचं कारण नाही. आफ्रिकेतल्या माणसांचं रक्षण करायला गोरा माणूसच का लागतो, हा प्रश्न आज कोणीही विचारील, आणि विचारायलाच हवा. मी म्हणतो ते एवढंच, की त्या परक्या ड्रॉइंगमध्ये मराठी करणाऱ्यांनी स्वतःचं सामान घातलं. म्हणून ते आजही आपल्या जिभेवर आहे.

खेळण्यांतून निघालेली पुस्तकं

इंद्रजालमध्ये वर्तमानपत्रातली चित्रकथा पुस्तकात आली. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या शेवटी याच्या पुढची पायरी आली. आधी सिनेमा किंवा खेळणं, आणि त्यावरून कॉमिक्स.

१९७७ मध्ये मार्व्हल कंपनीने ‘स्टार वॉर्स’ या सिनेमाची कॉमिक्स काढली, आणि अडचणीत असलेल्या मार्व्हलला त्यांनी मोठा हात दिला. त्याच वर्षी नाताळात बिल मँट्लो नावाच्या लेखकाच्या मुलाला ‘मायक्रोनॉट्स’ नावाची छोटी खेळणी भेट मिळाली. ती मूळची जपानच्या ताकारा कंपनीची. मँट्लोला त्यात गोष्ट दिसली आणि १९७९ मध्ये मार्व्हलची मालिका सुरू झाली. त्याच वर्षी ‘रॉम’ नावाच्या एका इलेक्ट्रॉनिक खेळण्यावरही मँट्लोनेच कॉमिक्स लिहायला घेतली. खेळणं बाजारात साफ पडलं. कॉमिक्स मात्र १९८६ पर्यंत, ७५ अंक चालली! ज्याची जाहिरात करायची ते दुकानातून गेलं, आणि जाहिरात म्हणून काढलेली गोष्ट मागे राहिली.

१९८२ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ ही सैनिकांची खेळणी नव्या, लहान आकारात आणली आणि मार्व्हलला कॉमिक्स काढायला सांगितलं. त्यात एक व्यापारी युक्तीही होती. टीव्हीवर खेळण्याच्या जाहिरातीत कार्टून किती वेळ दाखवायचं यावर बंधनं होती. पुस्तकाच्या जाहिरातीला ती नव्हती. म्हणून जाहिरात पुस्तकाची केली, आणि विक्री खेळण्यांची वाढली. पण लिहिणारा लॅरी हामा हा स्वतः सैन्यात राहिलेला माणूस. त्याने त्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना गाव दिलं, स्वभाव दिला, भीती दिली. १९८४ मध्ये त्याने एकविसावा अंक पूर्णपणे शब्दांशिवाय काढला. एकही फुगा नाही, नुसती चित्रं. मालिका १९९४ पर्यंत १५५ अंक चालली.

१९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आली. मोटारीचा माणूस होणारी ही खेळणीही मूळची जपानी. जपानहून साचे आले, पण कोणता यंत्रमानव चांगला, कोणता दुष्ट, त्यांचं भांडण कशावरून, हे मार्व्हलच्या माणसांनी बसून ठरवलं. बॉब बुडियान्स्की या संपादकाने बहुतेकांची नावं आणि स्वभाव लिहून काढले. चार अंकांपुरती योजलेली मालिका १९९१ पर्यंत ८० अंक गेली.

मॅटेल कंपनीचा ‘ही-मॅन’ १९८२ चाच. प्रत्येक खेळण्याच्या पाकिटात एक चिमुकली कॉमिक असे. हा बाहुला कोण, तो कोणाशी लढतो, हे मुलांना सांगायचं तर गोष्ट हवीच. दुसऱ्या वर्षी टीव्हीवर कार्टून आलं आणि तेच पुढे आपण दूरदर्शनवर पाहिलं.

खेळाशी गोष्ट आणि शिकवण बांधण्याची कल्पना आपल्याला नवी नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. सापशिडीचा पूर्वज म्हणजे आपला मोक्षपट. परंपरेने तो संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला आहे. घरांमध्ये गुण-अवगुण लिहिलेले, शिडी पुण्याची, साप पापाचा. म्हणजे सोंगट्या टाकता टाकता मजकूर वाचला जाई. फरक हेतूचा. त्यांना वस्तू विकायची होती, यांना माणूस घडवायचा होता.

आपल्याकडे काय झालं

आपल्याकडे ही गाडी उलट्या बाजूने आली. तिकडे आधी खेळणं आणि मग पुस्तक. इथे बहुतेक मध्यमवर्गीय घरांत खेळणं आलंच नाही. वेताळाची कवटीची अंगठी, ही-मॅनचा किल्ला हे सगळं आम्ही मनातच खेळलो. कागदाचं पुस्तक हेच आमचं खेळणं होतं.

खेळणी अगदीच बनत नव्हती असं नाही. १९८७ मध्ये टायरवाल्या एमआरएफने हॅस्ब्रोबरोबर ‘फनस्कूल’ ही कंपनी काढली, आणि गोव्यातल्या कारखान्यात ‘जी. आय. जो’चे सैनिक तयार होऊ लागले. साचे अमेरिकेचे, रंग इथे दिलेले. मूळच्यापेक्षा वेगळे, भडक रंग लागलेले हे गोव्याचे सैनिक आज परदेशातले संग्राहक हौसेने शोधतात. पण त्या सैनिकांच्या मागची लॅरी हामाची गोष्ट मराठीत कोणी आणली नाही. साचा आला, गोष्ट आली नाही. म्हणून ते खेळणं आपल्याकडे खेळणंच राहिलं.

सिनेमाच्या बाजूने एक मोठा प्रयोग झाला. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमिताभ बच्चन यांना नायक करून ‘सुप्रीमो’ ही कॉमिक्स निघाली. कल्पना पम्मी बक्षी यांची आणि चित्रं पुण्याचे प्रताप मुळीक यांची. शूटिंगमधून वेळ काढून अमिताभ काळा चष्मा आणि घट्ट पोशाख घालतो आणि दुष्टांचा बंदोबस्त करतो. सोबतीला शाहीन नावाचा ससाणा. तेव्हा अमिताभच्या लोकप्रियतेला तोड नव्हती, तरी मालिका साधारण दोन वर्षंच चालली. आज ती वाचताना एक जाणवतं. अमिताभचा चेहरा पुस्तकात आला, पण त्याच्या सिनेमातला चीड आलेला, कामगारवस्तीतला तरुण आला नाही. लोकांचं प्रेम त्या तरुणावर होतं, चष्म्यावर नव्हतं.

याच प्रताप मुळीकांनी ‘अमर चित्रकथा’साठी भरपूर काम केलं, आणि १९८६च्या सुमारास राज कॉमिक्सच्या ‘नागराज’ला सुरुवातीच्या अंकांत रूप दिलं. नागराज कोणाकडून उसना आणलेला नव्हता. आपल्याच नागांच्या गोष्टींतून निघालेला, हिंदी पट्ट्यातल्या पोरांसाठी बनवलेला. तो पुढे कित्येक वर्षं चालला. चित्रकार तोच, हात तोच. फरक पडला तो गोष्टीच्या मुळांमुळे.

‘अमर चित्रकथा’ची जन्मकथाही याच संदर्भात पाहायला हवी. अनंत पै टाइम्समध्ये इंद्रजालच्याच कामात होते. १९६७ मध्ये त्यांनी दिल्लीत टीव्हीवर मुलांची प्रश्नमंजूषा पाहिली. मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं, पण रामाच्या आईचं नाव आलं नाही. त्याच वर्षी इंडिया बुक हाउसतर्फे त्यांनी ‘अमर चित्रकथा’ हाती घेतली. ‘कृष्ण’ या अंकाची चित्रं राम वाईरकरांची. परवान्याच्या कामात शिकलेला माणूस स्वतःचा कारखाना काढतो, तो असा.

भोवरा, भीम आणि आपली मुलं

आमच्या पिढीनंतरच्या मुलांकडे खेळणी आली, टीव्हीवर चोवीस तास कार्टून आलं आणि जपानी माल आला. ‘पोकेमॉन’ हा १९९६ चा व्हिडिओ गेम. जपानमध्ये त्याची कॉमिक्सही निघाली. ‘बेब्लेड’ हे ताकारा कंपनीचं खेळणं, म्हणजे जपानच्या जुन्या भोवऱ्याचं नवं रूप. १९९९ पासून ताकाओ आओकी यांनी त्यावर चित्रकथा काढली, मग कार्टून आलं, आणि २००० नंतरच्या दशकात आपल्या गल्लीगल्लीत पोरं प्लॅस्टिकचे भोवरे भिडवू लागली. भोवरा तर आपलाही होता! जाळी लावून फेकणं, हातावर घेणं, दुसऱ्याच्या भोवऱ्याला खोक पाडणं, सगळं होतं. त्यावर गोष्ट मात्र आपण लिहिली नाही. जपान्यांनी लिहिली, म्हणून त्यांचा भोवरा समुद्र ओलांडून आला आणि आपला माळ्यावर गेला.

आपल्याकडेही चांगले प्रयत्न झाले. २००४ मध्ये मार्व्हलच्या परवान्याने ‘स्पायडरमॅन इंडिया’ निघाली. चित्रकार जीवन कांग. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसणारा पोरगा. चारच अंक निघाले, पण १९ वर्षांनी, २०२३ मध्ये, तोच पवित्र हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमात झळकला. इथे घातलेली भर मूळ मालकालाही घ्यावीशी वाटली. २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा ‘छोटा भीम’ पोगोवर आला आणि त्यावरून खेळणी, दप्तरं, कॉमिक्स सगळं निघालं. हिंदीतल्या ‘लोटपोट’ मासिकातले मोटू-पतलू २०१२ मध्ये कॉमिक्समधून टीव्हीवर गेले.

मराठीत काय? भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ पुस्तकातून दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये सिनेमात गेला. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २०१२ मध्ये पडद्यावर आला. म्हणजे आपल्याकडे चांगलं ड्रॉइंग नाही असं मुळीच नाही.

पण मोहन नगरातल्या माझ्या घरात काय दिसतं? मुलांना छोटा भीम हिंदीत भेटतो, पोकेमॉन इंग्रजीत भेटतो. मराठीत त्यांना फक्त आई-बाबा आणि आजी भेटतात. ‘वेळ’ची ‘वेल’ होते, ‘बाळ’चा ‘बाल’ होतो, ‘शाळे’ची ‘शाला’ होते. हिंदीबद्दल माझी तक्रार नाही. या मातीने आपल्याला पोटाला दिलं आणि शेजारी दिले. पण ‘ळ’ गेला की त्याच्या मागोमाग आरवलीचा वेतोबाही जातो, आणि आजीही जाते, हे मला दिसतं.

मुलांचे आवडते नायक परके आहेत म्हणून रडण्यात अर्थ नाही. आमचाही वेताळ परकाच होता. तो आपला झाला, कारण कोणीतरी टेबलाशी बसून फुग्याच्या मापात मराठी शब्द बसवले. ते काम करणाऱ्यांची नावं आपल्यापैकी कोणालाच पाठ नाहीत, तरी आपण त्यांचे ऋणी आहोत.

म्हणून एक छोटी सूचना. ज्यांच्या घरी माळ्यावर, पेटीत, गादीखाली जुनी मराठी इंद्रजाल, अमर चित्रकथा, चांदोबा असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. उत्सवाच्या दिवसांत मंडपाच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकून ती मुलांसमोर ठेवू. आणि चित्रकला स्पर्धेत या वर्षी एक नवा प्रकार ठेवू : मुलांनी आपल्या आवडत्या कार्टूनची एक पानभर गोष्ट काढायची, नायक कोणताही चालेल, जपानी, अमेरिकन, हैदराबादी. अट एकच, फुग्यातलं बोलणं मराठीत हवं आणि नायकाला मराठी नाव त्यांनीच शोधायचं. शब्द अडला तर आजीला विचारायचं. परीक्षक म्हणून आज्याच बसवू या. ‘ळ’ त्यांच्या नजरेतून सुटणार नाही!